धर ना, सांडी ऱ्हायनं

सकाळी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ पडला. मालगाडी उभीये, उघडे डबे, वर चार-पाच पोरं चढून कोळसा खाली ढकलतायत आणि खाली बायका टोपलीत, पोत्यात, एक तर चक्क पदरात गोळा करतेय. कुठला व्हिडिओ, कधीचा, काही पत्ता नाही. कॅप्शन काय तर 'देश असा लुटला जातो'. आणि त्याखाली आमच्या सज्जन शेजाऱ्यांच्या कमेंटी. गोळ्या घाला. हात तोडा. एकाने, ज्यांच्याकडे दर गुरुवारी सत्संग असतो आणि प्रसादाचा शिरा खरंच चांगला असतो, त्यांनी लिहिलं 'ड्रायव्हरने गाडी चालू करायची, पडतील त्या पडतील'. त्याला अकरा अंगठे.

मी टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं, परत खोडलं. तेवढ्यात चहा उतू गेला. म्हटलं मरू दे तो ग्रुप, इथे लिहिते, इथे निदान माझी माणसं आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी भुसावळची. रेल्वे क्वार्टरात वाढलेली. पप्पा मालगाडीवर गार्ड होते. आता गार्ड म्हणायचं नाही म्हणे, २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' झालंय. पप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले नाव ठेवा हो काही पण, ब्रेकव्हॅनला संडास दिला का ते विचार आधी. तर ब्रेकव्हॅन म्हणजे गाडीच्या शेपटाला तो एकटा डबा असतो ना, जाळीदार गॅलरीवाला, त्यात एक माणूस, एक लोखंडी पेटी, हातबत्ती, झेंड्या, फटाके (दिवाळीचे नव्हे, रुळावर लावायचे), आणि पुढे पाऊण किलोमीटर गाडी. इंजिनातले दोघं तिकडे, हे इकडे, आणि मधल्या सगळ्या अंधारात जे काय चाललंय ते याच्या वहीत लिहायचं.

आता पप्पांची ती गोष्ट. आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलीये, माझ्या नवऱ्याने तर बघायच्या कार्यक्रमातच ऐकली.

१९९१ चा डिसेंबर. मनमाडच्या एफसीआयला (सरकारी धान्य गोदाम) जाणारा गहू, सगळे बंद डबे, दाराला सील. पाचोरा ते चाळीसगावच्या मधे एका बारक्या स्टेशनला गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घातली, मागून येणाऱ्या मेल-एक्सप्रेस पुढे काढायला, दोन तास झाले तरी सिग्नल नाही. रात्रीचे अडीच. पप्पा सील बघत बघत खडीवरून पुढे निघाले. टॉर्चचे सेल संपत आलेले म्हणून मधे मधे विझवत होते. आणि त्यांना आवाज आला, सर्र सर्र, मम्मी सुपात गहू पाखडते तसा. एका डब्याच्या दाराखाली कोणीतरी उकिडवं बसलंय, दाराच्या फटीत सळई खुपसलेली, आणि फटीतून गव्हाची धार लागलीये पोत्यात. पावलं वाजली तसं ते पोरगं मान न वळवता म्हणालं, "धर ना, सांडी ऱ्हायनं."

आणि पप्पांनी धरलं!

खरंच धरलं. पोत्याचं तोंड, दोन्ही हातांनी. म्हणतात मला कळलंच नाही, समोर धान्य सांडतंय आणि कोणी धर म्हणतंय, हात आपोआप गेले. तीन-चार सेकंद असतील. मग पोराची नजर खाली गेली आणि त्याला बूट दिसले. काळे, पॉलिशचे, रेल्वेचे.

अकरा-बारा वर्षांचा असेल, म्हणजे माझ्याच एवढा. मी तेव्हा सहावीत. पुढे मेमो झाला, म्हणजे पप्पांचा लेखी रिपोर्ट, आणि पुढच्या मोठ्या स्टेशनला आरपीएफकडे (रेल्वेचे पोलीस) पोरगं आणि पोतं दोन्ही जमा. पप्पा हे हसत सांगायचे, सगळे हसायचे. मी पण. कितीतरी वर्षं.

तर त्या व्हिडिओवर येते. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्हाला पोतं दिसतं, पोत्यामागचा दिसत नाही. अरे, त्या बाईच्या टोपलीतला कोळसा फार तर तिच्या चुलीत जातो आणि उरलेला कुठेतरी हॉटेलात नाहीतर वीटभट्टीवर. वीटभट्टीवाला तिला विचारतो का बाई हा कुठून आणला? धनबादकडे माणसं सायकलला पोती लटकवून दोन-दोनशे किलो कोळसा पायी ढकलत नेतात, सायकलवर बसायला जागाच नसते, ती हातगाडीच झालेली असते. ते बघून पण तुम्ही 'चोर' म्हणता. म्हणा. पण तो ज्याच्या दारात नेऊन ओततो त्याच्या दाराचा व्हिडिओ मी तरी अजून पाहिला नाही.

आणि आकडे पाहिजेत ना, घ्या. एका कोळशाच्या रेकला, म्हणजे अख्ख्या गाडीला, अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे, सगळे मिळून साधारण ४००० टन. केंद्राच्या वीज नियामक आयोगाच्या दराच्या नियमात खाणीपासून लांब असलेल्या वीजकेंद्राला वाटेतली घट ०.८ टक्के धरून देतात, खाणीच्या तोंडाशीच असलेल्याला ०.२. म्हणजे लांब जाणाऱ्या एका रेकमागे ३२ टन 'गेला' तरी चालतो, कोणी कोणाला विचारत नाही, तो दरात मिळवलेला असतो आणि तुमच्या माझ्या बिलात येऊन बसतो. चाळीस किलोचं एक पोतं धरा. आठशे पोती झाली. एका गाडीची. त्या व्हिडिओत मी बायका मोजल्या, सात होत्या.

हो हो, माहितीये, कोणीतरी इंजिनियर येऊन सांगेल की मॅडम त्यात उडालेली भुकटी असते, ओलावा असतो, चढवता-उतरवताना सांडलेलं असतं. असतं. मान्य. पण मग कोळशात दगड कसे निघतात, आणि वजनकाट्यावर जायच्या आधी कोळशावर पाणी का मारतात याच्या गोष्टी मी वणी-घुग्गुसच्या, कोळसा खाणींकडच्या नातेवाइकांकडून लहानपणापासून ऐकतेय, त्या पण सगळ्या ओलाव्यातच धरायच्या का? टोपलीवालीला ट्रक परवडत नाही. काटा तर त्याहून नाही.

माझ्या मामाचं जळगावला धान्याचं दुकान होतं. त्याचा रेल्वेने येणारा माल एकदा कमी आला, डाळीची चौदा पोती गायब. पावतीवर छापलेलंच असतं, पाठवणारा म्हणतो म्हणून एवढी पोती, आम्ही काही मोजली नाहीत. वर मालाची जोखीम मालकाची, कारण त्या दराने भाडं स्वस्त पडतं म्हणून तसं बुक केलेलं. क्लेम करायचा तर सहा महिन्यांच्या आत नोटीस. मामाने केली, चपला झिजवल्या, शेवटी सोडून दिलं. पण बघा हं, मामाने कधी टोपलीवालीला शिवी दिली नाही. तो म्हणायचा चौदा पोती डोक्यावरून जात नाहीत भाची, चौदा पोत्यांना टेम्पो लागतो, आणि टेम्पोला यार्डात शिरायला गेट लागतं. बस. पुढे बोलायचा नाही.

आणि 'हे फक्त आपल्याच देशात' म्हणणाऱ्यांसाठी. माझी शाळेतली मैत्रीण लॉस एंजेलिसला असते. जानेवारी २०२२ मध्ये तिने फोटो पाठवलेले, लिंकन हाइट्स भागातले रूळ, रूळ दिसतच नव्हते, नुसती फाडलेली खोकी. थांबलेल्या नाहीतर हळू झालेल्या गाड्यांवर चढायचं, कंटेनरचं कुलूप कापायचं, लोकांची पार्सलं फोडायची, पाहिजे ते घ्यायचं बाकी तिथेच. युनियन पॅसिफिक रेल्वेने सरकारी वकिलाला पत्र लिहिलं की एका वर्षात चोऱ्या १६० टक्क्यांनी वाढल्या, रोज सरासरी नव्वदच्या वर कंटेनर फुटतायत. गव्हर्नर स्वतः येऊन कचरा उचलत होते कॅमेऱ्यासमोर. अमेरिका हं ही. गाडी उभी राहिली की लुटली जाते, मग ती पाचोऱ्याला असो की तिकडे.

बरं, आता दुसरी बाजू पण लिहिते नाहीतर पप्पांचेच जुने सहकारी येऊन झापतील. चोरी ती चोरी. आणि ही पोरं काही सगळी गरीब बिचारी नसतात. पप्पांच्या बॅचच्या एका काकांना अशाच टोळीने दगड मारला होता, भुवईवर टाके पडले, डोळा वाचला नशिबाने. एकटा माणूस, अंधार, हातात एक काठी. मम्मी रात्र रात्र जागी असायची, कॉलबॉय (ड्युटीचं बोलावणं घेऊन येणारा) दारावर थाप मारून गेला की तिचं पोट दुखायला लागायचं, मला वाटायचं नाटक करते. त्यामुळे गार्डने, आरपीएफवाल्याने काय भोगलंय ते मला तुम्ही शिकवू नका.

आणि दुसरं, ती वरची वायर. पंचवीस हजार व्होल्ट. तिला हात लावायची पण गरज नाही, नुसतं फार जवळ गेलं तरी ओढून घेते. उघड्या डब्यात कोळशाच्या ढिगावर उभं राहिलेल्या पोराचं डोकं आणि ती वायर यात अंतर किती असतं कधी बघा. व्हिडिओत मी तेच बघत होते. सत्संगवाले काका लुटलेला देश बघत होते, मी वायर बघत होते.

राग कशाचा येतो सांगू? कायदा आहे हो. १९६६ चा, खास रेल्वेच्या मालासाठी. आणि तो मुळात चोरण्यापेक्षा माल बेकायदा जवळ बाळगण्याबद्दल आहे. ज्याच्याकडे संशयाचा माल सापडला त्यानेच दाखवायचं की हा मी रीतसर घेतला, नाहीतर पाच वर्षांपर्यंत आत. ज्याने जाणूनबुजून आपल्या जागेत हे होऊ दिलं त्यालाही तेवढीच शिक्षा लिहिलीये. म्हणजे १९६६ साली दिल्लीत बसलेल्या कोणाला तरी कळत होतं की घेणारा धरला पाहिजे. भंगाराच्या दुकानात रुळाच्या क्लिपा, ब्रेकचे ठोकळे कोणाला दिसत नाहीत? आम्हा कॉलनीतल्या पोरांना दिसायच्या.

आणि तो पोरगा. परत परत तिथेच येते मी. 'धर ना' तो कोणाला म्हणाला? मागून पावलं आली आणि त्याने वळून पण पाहिलं नाही, इतका भरवसा. म्हणजे कोणीतरी येणार होतं. त्याच वेळेला, त्याच डब्यापाशी, खडीवरून चालत, मोठ्या माणसाच्या पावलांनी. अकरा वर्षांच्या पोराला काय माहीत कुठली गाडी लूपला लागणार, किती वाजता, आणि कुठल्या डब्याच्या दाराला फट आहे? पप्पांच्या मेमोत पोरगं होतं, पोतं होतं, सळई होती, डब्याचा नंबर होता. तो येणारा माणूस नव्हता.

म्हणून मला त्या ग्रुपवर लिहायचं होतं की आमच्या घरात तेहतीस वर्षं रेल्वेचा पगार आला पण रेल्वेच्या मालाचा एक दाणा आला नाही, आणि तरीही मला त्या बाईला गोळी घालावीशी वाटत नाही, तर तुम्ही कोण लागून गेलात.

थांबा, भुसावळहून फोन येतोय.

...

पाऊण तास झाला. जेवण पण झालं. वरचं पुसून टाकायचं का विचार करत होते.

पप्पांना विचारलं. इतक्या वर्षांत हे कधी विचारलंच नव्हतं. पप्पा, तो पोरगा कोणाची वाट बघत होता? आधी म्हणाले काय माहीत. मग बराच वेळ टीव्हीचाच आवाज. मग म्हणाले, "गिरणीवाला होता तिथला एक. सगळ्या स्टेशनला माहीत होतं."

म्हटलं मग मेमोत लिहिलं का नाही? म्हणाले मी पाहिला कुठे त्याला, पाहिलं नाही ते कसं लिहू. बरोबरच आहे तसं. नियमाने बरोबर आहे.

म्हटलं आणि पोराचं काय झालं पुढे? म्हणाले पोरांचं कोर्ट असतं ना, तिकडे गेला असेल. मग म्हणाले, हात लई थंड होते गं त्याचे. हे याआधी कधी सांगितलं नव्हतं त्यांनी. पोत्याच्या तोंडाशी हाताला हात लागला असणार, तेव्हाचं. पाहुण्यांना सांगताना बुटांवर सगळे हसायचे आणि गोष्ट तिथेच संपायची.

मग फोन मम्मीने घेतला. तिला अर्धवट ऐकू आलेलं. म्हणाली कोण, तो अमुक गिरणीवाला का? (नाव घेतलं तिने, मी लिहीत नाही.) म्हटलं तुला कसं माहीत? तर म्हणाली, "अगं त्याच्याकडूनच तर यायचा गहू आपल्या लाईनीत. शेजारच्या काकू मागवायच्या, मी पण दोनदा घेतला, रेशनपेक्षा बरा आणि बाजारापेक्षा स्वस्त."

मी म्हटलं पप्पांना माहीत होतं? मागून पप्पांचा आवाज, "फोन ठेव आता, बिल येईल." मोबाईलला कसलं बिल.

मम्मीच्या मते गहू चांगला होता. तुझ्या वाढदिवसाच्या पुऱ्या त्याच्याच होत्या म्हणाली, टम्म फुगल्या होत्या.

मला आठवतात त्या पुऱ्या.