नवी कोरी गाडी आणि उशीजवळ पातेलं

जुलैत आम्ही दोघं भंडारदऱ्याला मुक्कामी होतो. कॅम्पर व्हॅन ताब्यात येऊन जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. रात्री दीडच्या सुमाराला हिने मला हलवून उठवलं, "अहो, उशी ओली झालीय." दिवा लावला तर रूफ व्हेंटच्या, म्हणजे छतावरच्या हवेच्या झडपेच्या, कोपऱ्यातून पाणी टपकत होतं. हिने आमटीचं पातेलं खाली ठेवलं आणि उरलेली रात्र आम्ही पुढच्या सीटवर बसून काढली.

निवृत्तीच्या पैशातून घेतलेली गाडी आहे ही. मूळ गाडीबद्दल माझी काडीची तक्रार नाही. आतलं घर, म्हणजे बेड, ओटा, पाण्याची टाकी, वायरिंग, हे गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या एका बिल्डरकडून करून घेतलं. अंबड एमआयडीसीत सव्वीस वर्षं मी क्वालिटीत काढली, तरी ताबा घेताना पॉलिश आणि पडदे बघून खूश झालो, याचं वाईट वाटतं.

नाशिकला परतल्यावर छताचं पॅनल उतरवलं. व्हेंटच्या फ्रेमखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, लागते. ती दबून फट भरते आणि खड्ड्यांतून बॉडी पिळवटली तरी मऊ राहते. इथे टेपच नव्हती. वरून नुसतं सिलिकॉन फासलेलं, तेही पत्रा न पुसता. नखाने टोक उचललं तर अख्खी पट्टी हातात आली आणि तिच्या खालच्या अंगाला पत्रा कापतानाचा कीस चिकटलेला होता. प्लायच्या कडांना सीलर नाही, त्या पाणी पिऊन फुगलेल्या.

गळती तरी डोळ्यांना दिसते. खरा हादरा बेडखाली बसला. इन्व्हर्टर १००० वॉटचा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो पूर्ण लोडला ८० अँपिअरच्या वर करंट ओढतो. एवढ्या जाड वायरला बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. वायर पत्र्याच्या भोकातून आरपार नेलेली, भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं, ग्रोमेट, नाही. गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याच्या कडेने इन्सुलेशन कापलं होतं आणि आत तांबं चमकत होतं. ते बॉडीला टेकलं असतं तर वायर पेटायला किती वेळ लागला असता? दिवाळीच्या सुट्टीत त्याच बेडवर नातवंडं झोपणार होती.

बिल्डरला फोन केला तर उत्तर मिळालं, "साहेब, पावसात थोडंफार होतंच. एम-सील लावून घ्या."

नाही, होत नाही. मोटारीच्या कारखान्यात गाडी शॉवर टेस्टमधून जाते, पाणी आत आलं तर दुरुस्तीला परत जाते. कॅम्पर बनवणाऱ्याला एक पाइप आणि अर्धा तास पुरतो. अमेरिकेत तर या गाड्यांचा मोठा उद्योग आहे, २०२१ साली तिथे मागे ओढायचे ट्रेलर धरून सुमारे ६ लाख गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. तरी तिथल्या मालकांच्या तक्रारी याच: गळतं छप्पर, ढिले स्क्रू, कशीबशी ओढलेली वायर. पॅनल बसलं की आतलं कोणी बघत नाही, सगळं दुखणं तिथे आहे. आपल्याकडे मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशाच गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे, २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही आलं. पण तुमच्या गाडीतली वायर कशी ओढली, हे शेवटी तुम्हालाच उघडून बघावं लागतं.

"आम्ही सगळं घरीच दुरुस्त केलं" असं हौसेने सांगणारे बरेच भेटतात. हौस मलाही आहे. पण लाखो रुपये मोजून घेतलेल्या नव्या गाडीत बिल्डरचं अर्धवट काम मालकाने पुरं करायचं, ही रीत पडता कामा नये. आणि हात लावण्याआधी फोटो, व्हिडिओ काढा, बिल्डरला लेखी कळवा, त्याला येऊन बघायची संधी द्या. एकदा खोललं की पुरावा गेला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, बिल्डर कुठल्याही गावचा असो. मुदत दोन वर्षांची. मी फोटो काढले, ईमेल केली, पंधरा दिवस वाट बघितली आणि मगच सिलिकॉन खरवडायला घेतलं. जुन्या सिलिकॉनवर दुसरं काही धरत नाही, त्यामुळे त्यातच दोन दिवस गेले. फ्यूज आणि ग्रोमेट मात्र पहिल्याच दिवशी बसवले, तिथे थांबणं शक्य नव्हतं.

नाशिकमधलं कोणी कॅम्परचा ताबा घेणार असेल तर शेवटचा हप्ता देण्याआधी मला मेसेज करा. पाइप, टॉर्च आणि मल्टिमीटर घेऊन मी येतो. बेडखालची फळी आधी उघडू.