सेन्सर गेला म्हणे!

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की बिघाडाचे निदान गाडीचे बॉनेट उघडण्याआधीच पूर्ण झालेले असते. आमच्या दाजींनी तर दिव्याकडे नुसते पाहून सांगितले, ‘‘सेन्सर गेलाय, बदलून टाक.’’ कोणता, हा प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटला.

मी स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खोचला, तेव्हा पी०१७१ हा कोड निघाला. म्हणजे इंजिनाला मिळणारे मिश्रण लीन आहे, त्यात हवा जास्त आणि इंधन कमी आहे. ही खबर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरने दिली, हे कळताच दाजींनी त्यालाच उपटून फेकण्याचा हुकूम सोडला. चोरीची फिर्याद द्यायला आलेल्या माणसालाच कोठडीत टाकावे, तसा हा न्याय होता. तो बिचारा जळून उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि जास्त उरला तर जास्त म्हणून सांगतो. तो का उरला, हे शोधण्याचे काम त्याचे नव्हेच.

मग कोणीतरी कोड पुसण्याचा तोडगा सुचवला. पुसला की दिवा विझतो, हे खरे. परंतु त्याबरोबर कोड नोंदला गेला त्या क्षणीची इंजिनाची गती, तापमान आणि भार यांची नोंदही पुसली जाते, आणि या साऱ्या प्रकरणात स्वतःचे मत नसलेला साक्षीदार तेवढाच होता. दिवा काही काळाने परत येतो, तो वेगळाच.

म्हणून मी फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक ठरलेल्या इंधनात किती वाढ किंवा घट करतो आहे याचे, आकडे पाहिले. इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसते चालू असताना संगणक नेहमीपेक्षा बरेच जास्त इंधन ओतत होता, आणि गती २५०० फेऱ्यांवर नेली की तो आकडा मुकाट्याने खाली येत होता. (त्या फेऱ्या स्थिर धरण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटरवर दाजींना बसवले होते, पाय हलवू नका म्हटल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावरून आकड्यांपेक्षा स्पष्ट वाचता येत होता.) इंधनाचा पंप अशक्त असता, तर इंधनाची मागणी वाढल्यावर टंचाई वाढायला हवी होती. येथे उलटे घडत होते, कारण आयडलला इंजिन एकूण हवाच थोडी घेते आणि मोजणी चुकवून चोरवाटेने शिरलेली हवा तेव्हाच सर्वांत जास्त जाणवते.

ती चोरवाट आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, एका व्हॅक्युम पाइपच्या वळणाखाली सापडली. वरून पाइप नवाकोरा दिसत होता. खालून बोट फिरवल्यावर भेग लागली. पाइप बदलला, ट्रिम शून्याच्या आसपास स्थिरावले, आणि मग मी कोड निर्धास्तपणे पुसला.

दाजींनी नवा ऑक्सिजन सेन्सर मात्र आधीच मागवून ठेवला होता. हल्ली ते ओळखीच्या प्रत्येकाला दिवा लागला आहे का, असे आस्थेने विचारतात.