ईक्यू लावला की हेडफोनचा आवाज बिघडतो? अजिबात नाही

ईक्यू म्हणजे इक्वलायझर: आवाजाच्या खालच्या, मधल्या, वरच्या पट्ट्या हव्या तशा कमी-जास्त करण्याची सोय. हेडफोन घ्यायला निघालेल्या नवख्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘ईक्यूच्या नादी लागू नका. त्याने फेज बिघडते, बारकावे जातात, कलाकाराचा मूळ आवाज राहत नाही. महागातला घ्या, ईक्यू लागणारच नाही.’ या सल्ल्यापायी लोकांचे हजारो रुपये विनाकारण खर्च होतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून बघू.

आधी ‘मूळ आवाज’. ईक्यू बंद असला की रेकॉर्डिंग जसंच्या तसं कानात पोचतं, असं यात धरून चाललेलं असतं. पण प्रत्येक हेडफोन आवाजाला आपला रंग देतोच. सेनहायझरचा एचडी 600 घ्या. त्याच्या मधल्या पट्टीला नावं ठेवायला जागा नाही, पण साधारण 100 हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो. त्यावर विलंबित ख्याल ऐका: गळा आणि तंबोऱ्याची जवारी स्वच्छ, डग्ग्याचा घुमारा मात्र पातळ. 105 हर्ट्झच्या खालचा भाग 4-5 डेसिबल उचलणारा एकच फिल्टर लावून पुन्हा ऐका. डग्गा जागेवर येतो, गळ्याला धक्का लागत नाही.

फेजचा, म्हणजे आवाजाच्या लहरींच्या आपसातल्या वेळेचा, मुद्दा शास्त्रीय वाटतो, म्हणून लोक त्याला दबकतात. खरं म्हणजे तो ईक्यूच्याच बाजूचा आहे. हेडफोन बव्हंशी ‘मिनिमम फेज’ पद्धतीने वागतो, म्हणजे त्याच्या आवाजात एखाद्या जागी उंचवटा असेल तर फेजमधला फरक त्या उंचवट्याला जोडूनच येतो. ईक्यूतले नेहमीचे पॅरामेट्रिक फिल्टर (ज्यांत जागा, रुंदी आणि उंची आपण ठरवतो) त्याच जातीचे. उंचवट्याच्या बरोबर उलटा फिल्टर लावला की उंचवटा जातो आणि त्याच्यासोबत फेजही सरळ होते.

मग ‘बारकावे गेले’ असं इतक्या जणांना का वाटतं? बहुतेक वेळा प्रीअँपमुळे, म्हणजे ईक्यूतल्या एकूण आवाजाची पातळी ठरवणाऱ्या सेटिंगमुळे. बेस 5 डेसिबल वाढवला आणि प्रीअँप तितकाच खाली आणला नाही, तर क्लिपिंग होऊन आवाज फाटतो. खाली आणला तर एकूण आवाज लहान होतो, आणि लहान आवाज माणसाला नेहमीच निस्तेज वाटतो. ईक्यू लावलेला आणि न लावलेला, दोन्ही आवाजांचा व्हॉल्यूम सारखा करून तुलना करा, मगच बोला. विंडोजवरच्या इक्वलायझर एपीओ या ईक्यूच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रीअँपची सोय आहे.

महाग हेडफोनला ईक्यू लागत नाही, हा दावा तर मोजून तपासता येतो. संशोधक जेरोन ब्रेबार्ट यांनी 2017 साली 283 हेडफोनची मापं किमतींशी ताडून पाहिली. किंमत आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (हेडफोन कोणत्या पट्टीतला आवाज किती मोठा देतो ते) यांचा संबंध सापडला नाही.

या सल्ल्यात तथ्य आहे ते एका वेगळ्याच जागी. ऑटोईक्यू या प्रकल्पात वेगवेगळ्या हेडफोनसाठी मिळतात तसे तयार फिल्टर कृत्रिम कानावर घेतलेल्या मापांवरून बनतात. साधारण 8 किलोहर्ट्झच्या वर प्रत्येकाच्या कानाची घडण आणि हेडफोन बसण्याची पद्धत इतका फरक पाडते, की तिथले अरुंद फिल्टर तुम्हाला लागू पडतीलच असं नाही. ते काढून टाका. आवाज अगदी लहान ठेवून एक टोन 5 ते 12 किलोहर्ट्झपर्यंत सावकाश सरकवत न्या आणि जिथे तो कानाला टोचेल तिथे 2-3 डेसिबल कमी करा.