म्हणे ‘एकदा लुटलं गेलं की मन घट्ट होतं’!

देवगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या आमच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. चोरी-मारहाण एकदा सोसलेल्याचं मन घट्ट होतं, पुढच्या वेळी ताण येत नाही; ‘परदेशी संशोधनात’ अशांच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी सापडलं; म्हणून घाबरटांना रोज मारामारीचे व्हिडिओ दाखवा. माझ्या आतेभावाने मुंबईत बसून तो वाचला आणि त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या आतेच्या, मोबाइलवर लुटालुटीच्या सीसीटीव्ही क्लिपा टाकायला सुरुवात केली. आता गप्प बसवत नाही.

आधी ते हार्मोन. अभ्यास खरा आहे, १९९५ सालचा, रेस्निक, येहुदा आणि सहकाऱ्यांचा. बलात्कारानंतर लगेच उपचाराला आलेल्या स्त्रियांचं कॉर्टिसॉल, म्हणजे हेच ताणाचं हार्मोन, त्यांनी मोजलं. पूर्वीही हल्ला झालेल्यांमध्ये ते कमी निघालं. मेसेज इथेच थांबतो. त्याच अभ्यासातलं पुढचं मात्र गाळलंय: पुढे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, जडण्याची शक्यता याच स्त्रियांमध्ये जास्त होती! अंगात उसळलेली घालमेल आवरायचं कामही कॉर्टिसॉल करतं. ते कमी, म्हणजे बाई शांत, हे कुठून काढलं?

आतेचं मंगळसूत्र बाइकवरच्या दोघांनी भरदुपारी खेचलं. नंतरच्या शिमग्यात पालखीच्या मानावरून वाडीत काठ्या निघाल्या, तेव्हा ती खळ्यात बसल्या जागेवरून हलली नाही. ‘बघा, कशी घट्ट झाली,’ म्हणाले सगळे. रात्री ती मागच्या दाराची कडी पुन्हापुन्हा चाचपते, बाइक वाजली की हात गळ्याशी जातो, ते यातल्या कुणी पाहिलेलं नाही.

सगळेच असे कोलमडत नाहीत, हे मान्य करावं लागेल. ब्रेस्लाऊ यांच्या २००८च्या अभ्यासात पहिल्या आघातातून पीटीएसडी न होता निभावलेल्यांना पुढचा धोका वाढलेला दिसला नाही. वाढला नाही, एवढंच. पोलाद झाले असं त्यात नाही.

भीतीला हळूहळू सामोरं नेण्याचे उपचारही आहेत. पण ते प्रशिक्षित माणूस करतो, समोरच्याच्या संमतीने, त्याला झेपेल तसे. जेवताना न विचारता आलेली चाकूहल्ल्याची क्लिप म्हणजे उपचार नव्हे.

‘म्हातारी माणसं नाटकं करतात’ या मेसेजच्या शेवटच्या ओळीला उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

भावा, त्या क्लिपा आधी काढ. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि लावायचा तर आतेला विचारून लाव.