तळ्यात-मळ्यात करा, सुपरडेलिगेट व्हा

अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची हौस असेल, तर मतदार होण्याच्या फंदात पडू नका. न्यू हॅम्पशायरच्या फेब्रुवारीत कुडकुडत रांग लावणं हे येरागबाळ्याचं काम. तुम्ही थेट सुपरडेलिगेट व्हा, म्हणजे उमेदवार निवडणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात मतदारांच्या कौलाला बांधील नसलेले, मनाला येईल त्याला मत देणारे प्रतिनिधी. पक्षाचे खासदार, गव्हर्नर, माजी राष्ट्राध्यक्ष यांपैकी काहीही असलात तरी चालेल. नसलात तर पक्षाच्या राष्ट्रीय समितीत तरी शिरा.

हे पद फार विचारपूर्वक निर्माण झालंय. १९७२ साली प्रायमरीतून, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या मतदानातून, निवडून आलेले उमेदवार मॅकगव्हर्न राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ५० पैकी ४९ राज्यांत आपटले. मग १९८२ मध्ये पक्षाच्या हंट आयोगाने जाणत्यांसाठी राखीव पाट मांडले. १९८४ मध्ये जाणत्यांनी आपलं वजन मॉन्डेल यांच्या पारड्यात टाकलं. तेही ४९ राज्यांत हरले, पण या वेळी हरण्यात अनुभव होता.

आता मुख्य कानमंत्र: मन कधीही लवकर ठरवू नका. २००८ मध्ये ओबामा की हिलरी हे न ठरलेल्या विस्कॉन्सिनमधल्या २१ वर्षांच्या विद्यार्थी सुपरडेलिगेटला हिलरींची मुलगी चेल्सी क्लिंटन नाश्त्याला घेऊन गेल्या. पहिल्याच दिवशी शब्द देऊन मोकळ्या झालेल्याला कोण पोहे विचारतो?

अर्थात, शब्द दिलाच तर तो कामी आला पाहिजे. २०१६ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत हिलरींचे प्रतिस्पर्धी सँडर्स २२ टक्क्यांनी जिंकले, प्रतिनिधी १५ विरुद्ध ९. तिथल्या सहा सुपरडेलिगेटांनी हिलरींना आधीच शब्द दिलेला. झाले पंधरा-पंधरा! पुढे कॅलिफोर्नियाचं मतदान ७ जूनला होतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सुपरडेलिगेटांना विचारून विचारून बेरीज केली आणि ६ जूनलाच हिलरींची उमेदवारी पक्की झाल्याचं सांगून टाकलं. (प्रायमरीतून निवडलेले प्रतिनिधीही हिलरींचेच जास्त होते. पण हे सँडर्सवाल्यांना सांगू नका, भांडणातली गंमत जाते.)

२०१८ मध्ये मात्र कुणाची तरी दृष्ट लागली. निकाल आधीच स्पष्ट नसेल, तर अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांनी मत द्यायचं नाही, असं पक्षाने शिकागोत ठरवलं. म्हणजे निकाल लागलेला असताना मत द्या, लागायचा असताना गप्प बसा. दुसरी फेरी झाली तर तुम्हीच राजे. फक्त तशी वेळ १९५२ नंतर आलेली नाही.

तरीही घाईने मन ठरवू नका. त्या ठरावात नाश्त्याबद्दल काहीही म्हटलेलं नाही.