कीड लागते म्हणूनच ओक लावायचा

वन्यजीवांसाठी झाड लावायचे असेल तर कोणतेही लावा, झाड ते झाड. ओक फार सावकाश वाढतो, लावणाऱ्याच्या हयातीत कोणाच्या उपयोगी पडत नाही, त्याला सतत कीड लागते आणि त्याची फळे फक्त खारी खातात. त्यापेक्षा झटपट वाढणारे, कीड न लागणारे परदेशी झाड बरे, अशा आशयाचा मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. झाडे लावावीत ही त्यामागची तळमळ खरी असेल, परंतु त्यातील विधाने पारखून न घेता लावलेली झाडे हिरवीगार दिसूनही रिकामी राहतात, म्हणून त्यांना उत्तर देणे भाग आहे.

सुरुवात किडीपासून करावी लागेल, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. फळबागेत कीड न लागणे हा गुण असतो. तोच निकष वन्यजीवांसाठी लावलेल्या झाडाला लावला की हिशेब उलटा होतो. पाने खाणारे बहुतेक सुरवंट ठरावीक वनस्पतींवरच जगू शकतात. ओकच्या पानांत टॅनिन हे तुरट, पचायला जड द्रव्य असते आणि पाने जून होत जातात तसे ते वाढते. म्हणून युरोपातील हिवाळी पतंगाची अंडी ओकच्या कळ्या उमलण्याच्या सुमारास फुटतात, आणि पालवी कोवळी आहे तोवर सुरवंट पोट भरून घेतात. दीर्घ सहवासातून बसलेली ही सांगड दूरदेशातून आणलेल्या झाडाशी एकाएकी जुळत नाही. त्याची पाने खाणारे जवळपास कोणीच नसते आणि आपण त्याला निरोगी म्हणतो.

हेच सुरवंट पक्ष्यांच्या पिल्लांचे अन्न असते. एरवी दाणे टिपणारे कितीतरी पक्षीसुद्धा पिल्लांना मऊ अळ्याच भरवतात. उत्तर अमेरिकेतील चिकडी हा पक्षी जेमतेम दहा-बारा ग्रॅम वजनाचा. पण नर आणि मादी दिवसभर चोचीत अळी धरून ढोलीकडे येत राहतात, आणि एका वेळची पिल्ले उडण्याजोगी होईपर्यंत सहा ते नऊ हजार सुरवंट फस्त होतात. वॉशिंग्टन परिसरातील घरांच्या बागांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बागांत स्थानिक वनस्पतींचा वाटा ७० टक्क्यांहून कमी होता, तिथे जन्माला येणारी पिल्ले चिकडींची संख्या टिकवायला पुरत नव्हती. झाडे तिथेही होतीच.

‘झाड ते झाड’ या विधानाचे उत्तर यातच आले, तरी ब्रिटनमधील आकडे सांगण्यासारखे आहेत. तेथील दोन स्थानिक ओकांशी सुमारे २,३०० प्रजातींचा संबंध नोंदवला गेला आहे. त्यांत ३८ पक्षी, ३१ सस्तन प्राणी, ७१६ दगडफुले आणि हजाराहून अधिक कीटक व इतर अपृष्ठवंशी जीव आहेत. यांपैकी ३२६ प्रजाती पूर्णपणे ओकवरच अवलंबून आहेत. आपल्याकडे हिमालयात बांज ओक आणि चीड हा सूचिपर्णी वृक्ष (पाइन) दोन्ही स्थानिकच, तरीही बांजच्या रानात खोडांवर शेवाळ आणि नेचे वाढतात, जमीन ओलसर राहते, तर चीडखालचा सुयांचा थर उन्हाळ्यात चटकन पेट घेतो. झाडाझाडांत फरक असतो तो असा. अर्थात जिथे ओक मुळात कधी नव्हताच, किंवा जिथे नैसर्गिक गवताळ माळ आहे, तिथे तो लावणेही तितकेच चूक ठरेल.

ओक हयातीत उपयोगी पडत नाही, हे अर्धसत्य आहे. इंग्लिश ओकला फळे धरायला साधारण चाळीस वर्षे लागतात आणि पक्ष्यांना राहण्याजोग्या ढोल्या त्याहून कितीतरी उशिरा होतात. पण पहिल्या काही वसंतांतच त्याच्या पानांवर अळ्या दिसू लागतात, आणि पिल्लांना हव्या असतात त्या अळ्याच. फळे फक्त खारीच खातात हेही खरे नाही, कारण हरणे, अस्वले, रानडुकरे आणि ‘जे’ (jay) नावाचे पक्षी हे सगळेच त्यांवर ताव मारतात. एकेक ‘जे’ पक्षी शरद ऋतूत हजारो फळे जमिनीत पुरून ठेवतो, आणि उकरायची राहून गेलेली फळे पुढे रुजतात.

मजकुरात एक खरा धोका मात्र आलेलाच नाही. ओकच्या पतंगाची एक उपद्रवी जात २००५ च्या सुमारास आयात केलेल्या ओकच्या झाडांबरोबर लंडनमध्ये शिरली. तिच्या सुरवंटांच्या केसांनी माणसांच्या अंगावर पुरळ उठते. म्हणून दूरवरून रोप मागवण्यापेक्षा परिसरातील ओकचे फळ गोळा करावे आणि लगेच पेरावे, कारण वाळलेले फळ रुजत नाही. झाडाखालचा पालापाचोळाही झाडून टाकू नये. पानांवर वाढलेले बहुतेक सुरवंट शेवटी खाली उतरून त्याच पाचोळ्यात किंवा मातीत कोष करतात; तिथे फरशी किंवा खरडून कापलेली हिरवळ असेल, तर पुढच्या वर्षीचे पतंग तिथेच संपतात.