‘अपडेटने नियम खाल्ले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

एक स्टारबद्दल तक्रार नाही. व्हीपीएन बंद पडल्यावर मीही जास्त दिले नसते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अपडेटनंतर आमच्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कवरून काय आत-बाहेर जाऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तुम्ही लिहिलेले व्हीपीएनचे नियम गायब झाले, सपोर्टने ‘तुम्ही पॅकेजची फाइल बदललीत’ (म्हणजे आमच्या प्रोग्रॅमसोबत येणारी) एवढंच सांगितलं, आणि मुळात सेटिंग दोन ठिकाणी कशाला? सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, अपडेटने त्याला हात लावू नये, निदान आधी विचारावं तरी.

मागणी रास्त वाटते, पण ती मान्य केली तर तुमचीच फायरवॉल कमकुवत होईल.

आमच्याकडे ‘युएसआर’खालचा फोल्डर पॅकेजचा आणि ‘ईटीसी’खालचा तुमचा. तुमचे नियम युएसआरमधल्या फाइलमध्ये होते, आणि अपडेट ती फाइल नवी करतं, म्हणून ते गेले. ही वाटणी काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. लिनक्समध्ये कोणती फाइल कुठे ठेवायची ते ठरवणाऱ्या ‘फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड’ची २०१५ मधली ३.० आवृत्तीही हेच सांगते: त्या त्या यंत्रापुरतं जे असेल ते ईटीसीत, युएसआर फक्त वाचण्यापुरतं. फायरवॉलडी हा दुसरा फायरवॉल प्रोग्रॅमसुद्धा आपले मूळ झोन (नियमांचे तयार संच) युएसआरमध्ये ठेवतं, आणि त्याच नावाची फाइल ईटीसीत असेल तर ती मानतं.

आता समजा, अपडेटने तुमची बदललेली फाइल तशीच सोडली. तिच्यात मोजक्या ओळी तुमच्या, बाकी आमच्या. आमच्या ओळींत नंतर झालेली दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचणारच नाही, आणि ट्रॅफिक सुरळीत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. याहून वाईट म्हणजे नव्या आवृत्तीत एखादं नाव बदललं आणि जुनी फाइल वाचताना एरर आला तर. नियम प्रत्यक्ष लावणारं लिनक्सचं एनएफटेबल्स लावतं तर पूर्ण फाइल लावतं, नाहीतर काहीच नाही. चालू यंत्रावर हे बरंच, जुने नियम शाबूत राहतात. पण रीबूट झाल्यावर जुने नियम असणार कुठे? कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) एकही नियम नाही, म्हणजे जे येईल ते आत. व्हीपीएन बंद पडला की लगेच फोन येतो. हे असं उघडं राहिलं तर कुणी फोन करत नाही.

राहिलं विचारण्याचं. आमचं उत्पादन डेबियन या लिनक्सवर उभं आहे. डीपीकेजी हे त्याचं पॅकेज बसवणारं साधन विचारतं, पण कॉन्फफाइल (सेटिंगची फाइल) म्हणून नोंदलेल्या फाइलबद्दलच, आणि तीही तुमच्याकडे व पॅकेजमध्ये, दोन्हीकडे बदलली असेल तर. रात्री आपोआप चालणाऱ्या अपडेटला उत्तर द्यायला कोण बसणार? आरपीएम हे इतर काही लिनक्सवरचं तसंच साधन तर विचारतही नाही. ‘नोरिप्लेस’ (बदलू नका) ही खूण असेल तर नवी फाइल ‘आरपीएमन्यू’ असं शेपूट लावून शेजारी ठेवतं. त्या फाइल्स नेमाने उघडून बघणारा ॲडमिन माझ्या पाहण्यात तरी विरळाच.

एक मुद्दा मात्र पटतो. दोन ठिकाणच्या फाइल्स वाचून शेवटी काय लागू आहे हे कळणं कटकटीचं असतं. त्यासाठी फाइल्स वाचत बसूच नका, एनएफटेबल्सची ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’ ही कमांड चालवा. कर्नलमध्ये या क्षणी काय आहे ते समोर येतं.

तुमच्या नियमांसाठी: बॅकअपमधून बदललेली फाइल काढा. जुन्या पॅकेजमधली मूळ फाइल सपोर्ट आजच पाठवेल. दोन्हींचा डिफ (फरक) काढला की उरतात त्या तुमच्या ओळी. तेवढ्याच ईटीसीतल्या वेगळ्या फाइलमध्ये टाका. आमची अख्खी फाइल तिकडे कॉपी करू नका, नाहीतर शिळेपणाचा तोच प्रश्न परत येईल. लावण्याआधी एनएफटीचा चेक पर्याय वापरून फाइल तपासून घ्या. पुढच्या अपडेटपूर्वी डीपीकेजीचा व्हेरिफाय पर्यायही चालवा. पॅकेजच्या कोणकोणत्या फाइल्स हाताने बदलल्या आहेत त्याची यादी मिळते. अशी आणखी एखादी निघाली तर तीही आधी हलवा.

बॅकअप नसेल तर त्याच तिकिटावर कळवा. व्हीपीएनची मांडणी सांगितलीत तर नियम नव्याने लिहून देऊ.